जाणाऱ्यांची चाचणी

ऑनलाइन परीक्षेचं काम कुणाकडं द्यायचं हे आमच्या कॉलेजात ठरलं, त्या दिवशी मी मीटिंगला नव्हते. मी केडगावला राहते आणि पाथर्डीच्या बाजूला रोज एसटीनं जाते. त्या दिवशी एसटी करंजीच्या घाटात बंद पडली. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत उभ्यानं मी पोचले, तोवर मीटिंग संपून शिपाई चहाचे कप गोळा करत होता. "मॅडम, तुमचं नाव एकमतानं ठरलं," प्राचार्य म्हणाले. एकमतानं म्हणे! जी हजर नाही तिच्याबाबतीत आमच्या स्टाफचं कधीच दुमत होत नाही.

मी भूगोल शिकवते. नकाशे, वारे, माती. कॉम्प्युटरशी माझं नातं पगाराची स्लिप काढण्यापुरतं. पण नोकरीत नाही म्हणण्याचीसुद्धा एक वेळ असते आणि ती माझी घाटात गेली होती. संस्थेनं कुठल्याशा कंपनीकडून सिस्टीम घेतली. प्रश्न त्यात भरायचे, पोरांनी स्क्रीनवर उत्तरं द्यायची, संपलं की गुण लगेच समोर. संस्थेचं मुख्य ऑफिस लांब, दुसऱ्या तालुक्यात, तिकडं पाण्याच्या मुलखात, चहूबाजूंनी ऊस. तिथं एक तरुण ऑपरेटर बसतो, त्याच्या हातात सगळ्या कॉलेजांच्या किल्ल्या. मला त्यानं फोनवरच सगळं शिकवलं. चांगला होता बिचारा, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याला पुष्कळ शिव्या घातल्यात.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमचा तालुका कोरडा. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं. वर्गातले निम्मे बाक मोकळे होतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. त्या पोरांची जानेवारीतली अंतर्गत चाचणी बुडू नये म्हणून आम्ही ती दसऱ्याच्या आधीच घेतो. ही पद्धत कुणी सुरू केली मला माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हा होतीच. सगळे तिला 'जाणाऱ्यांची चाचणी' म्हणतात. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला पहिल्या वर्षी हे चमत्कारिक वाटतं, दुसऱ्या वर्षी तोही तसंच म्हणायला लागतो.

त्या वर्षी जाणाऱ्यांची चाचणी पहिल्यांदा ऑनलाइन झाली. बसणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, कारण बाकीच्यांनी कॉलेजचं नावच सोडलं होतं. त्यात ती एक होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अंगानं काडी, पण तोंडानं खमकी. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना मी म्हटलं, आपला तालुका डोंगराच्या सावलीत येतो, म्हणून इथं पाऊस कमी. ही उठून विचारते, "मॅडम, सावलीत एवढं ऊन कसं काय पडतंय?" वर्ग खदाखदा हसला. मी डोळे वटारले, आणि फळ्याकडं तोंड करून मीही हसून घेतलं.

तिच्या वडलांची आणि माझी भेट आदल्या वर्षी झाली होती. ते प्रवेशाला आले होते, स्टाफरूममधल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, शिकू द्या. ते म्हणाले, "शिकू देतोय की बाई. माझं काई म्हननं न्हाई. पास होत ऱ्हाईली तर शिकंल. पन एक जरी वरीस गेलं तर मंग मी ऐकनार न्हाई. आमच्या तोडीच्या टोळीतलंच एक स्थळ हाय, पोरगं चांगलंय. लई दिस कुनी थांबत न्हाई." ती शेजारी उभी होती. तिनं मान हलवली. असा तो करार. दोघांनी पाळायचा आणि मी साक्षीदार.

म्हणून त्या चाचणीला ती किती तयारी करून आली होती ते मला माहीत आहे. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला दाराबाहेर काढून आली, देवळात आल्यासारखी. माऊस धरायला आधी कचरली, मग पटापट उत्तरं देत सुटली. सगळ्यांत आधी संपवलं. स्क्रीनवर गुण आले, सगळ्यांत जास्त. मी मोठ्यानं वाचून दाखवले आणि म्हटलं, "बघा रे, शिका काहीतरी!" बाकीची पोरं उठून गेली तरी ती स्क्रीनसमोरून हलेना. आपल्या नावावरून बोट फिरवत तिनं विचारलं, "हे हितंच ऱ्हातं ना, मॅडम? पुसून जात न्हाई ना?"

"अगं, कागद असता तर उंदरांनी खाल्ला असता. हे कुठं जातंय?" मी म्हटलं.

चार दिवसांनी त्यांची ट्रॉली गेली. आईची कंबर आदल्या हंगामात कायमची गेली होती, ती वाकू शकत नव्हती. ती कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, राहून स्वयंपाक करणार आणि बापाच्या जोडीला कोयता घेऊन पोरगी उभी राहणार, असं ठरलं होतं. तोडीचं काम जोडीनं चालतं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. जोडीतलं एक माणूस कमी झालं की गाडी भरत नाही, आणि गाडी भरली नाही की मुकादम ऐकत नाही.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी अंतर्गत गुण मागितले. मी सिस्टीम उघडली. जानेवारीतल्या सगळ्या चाचण्यांची नावं ओळीनं होती, जाणाऱ्यांची चाचणी नव्हती. मला वाटलं चष्मा चुकला. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. नव्हतीच. ऑपरेटरला फोन लावला.

"हां मॅडम, ती आर्काइव्हला असेल. दिवाळीत साफसफाई केली ना आपण," तो म्हणाला.

"कसली साफसफाई?"

तेव्हा कळलं. त्यांच्या ऑफिसात लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळं झाडून काढायची जुनी रीत आहे. कपाटं, फायली, टेबलाचे खण, पंख्याची पाती. साहेब म्हणाले, आता कॉम्प्युटरमधलाही कचरा काढा. मग यांनी सगळ्या कॉलेजांच्या सराव चाचण्या वेचून काढल्या आणि आर्काइव्हमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या माळ्यावर, टाकून दिल्या. लक्ष्मी आली पाहिजे ना स्वच्छ कॉम्प्युटरमध्ये!

"अरे पण ती सराव चाचणी नव्हती. खरी होती."

"मॅडम, चार-पाच पोरं होती तिच्यात. आणि वेळापत्रकात चाचण्या जानेवारीत आहेत. दसऱ्याच्या आधी कोण परीक्षा घेतं?"

"तुमच्याकडं ऊस तोडायला जी पोरं येतात ना, त्यांची परीक्षा आम्ही दसऱ्याच्या आधी घेतो!" मी ओरडलेच. स्टाफरूममधली दोन डोकी वर झाली.

त्याच्या खिडकीतून रोज तो ट्रॅक्टर बघत असणार, वर बसलेली पोरंही बघत असणार. त्यातलं कुणी बी.ए.ला असेल हे त्याच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. "मला माहीत नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. "पण टेन्शन घेऊ नका. रिस्टोरचं बटण आहे. दाबा, सगळं परत येतं."

मी दाबलं. गोल गोल फिरलं, आणि हिरव्या चौकटीत मजकूर आला: आपली चाचणी यशस्वीरीत्या पुनर्स्थापित झाली आहे. हुश्श केलं. चाचणी उघडली. प्रश्न सगळे होते, अगदी माझ्या एका चुकीच्या वेलांटीसकट. खाली लिहिलं होतं, 'उत्तरे: शून्य'. विद्यार्थ्यांच्या यादीत कुणाचंच नाव नव्हतं.

पुन्हा फोन. तो त्याच्याकडून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आर्काइव्हमध्ये प्रश्न कायम राहतात. पोरांची उत्तरं काही आठवडेच ठेवतात, मग आपोआप जातात. कंपनीचा नियम आहे. मलाही आत्ताच कळतंय."

बोंबला. म्हणजे मी लिहिलेलं राहिलं आणि पोरांनी लिहिलेलं गेलं. माझे प्रश्न कुणाला हवे होते? ते तर मी पुन्हा लिहिले असते. कंपनीला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे. दुसऱ्या दिवशी केला, दुसरी गोड मुलगी म्हणाली, तक्रार आधीच नोंदवलेली आहे. तिसऱ्या दिवशी मी गोड राहिले नाही, तर फोनच ठेवून दिला तिनं.

मी प्राचार्यांकडं गेले. "सर, मला तिचे गुण आठवतात. मी मोठ्यानं वाचले होते, बाकीच्या पोरांनी ऐकलेत."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण आठवणीवर गुण देता येत नाहीत. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मला आठवतंय."

त्यांचं बरोबर होतं, हीच तर चीड होती. चुकीचं बोलले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, रिस्टोर झालेली चाचणी महिनाअखेरपर्यंत पुन्हा घ्या. जे देतील त्यांची टर्म मंजूर, जे देणार नाहीत त्यांची नाही. टर्म नाही म्हणजे विद्यापीठाची परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. ज्या पोरांची चाचणी गेली होती, त्यांतली दोन मुलं एसटीनं आली, चाचणी दिली, वडापाव खाऊन परत गेली. एकानं कॉलेज सोडलंच होतं. राहिली ती.

तिच्या वडलांच्या मोबाईलवर फोन केला. घरात तोच एक. तिनंच उचलला. मागं कुणीतरी हाका मारत होतं, पाचटाचा खसखस आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "पुसलं व्हय, मॅडम?"

मी साफसफाई, नियम, कंपनी असं काहीबाही बडबडले. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. नुसतं "व्हय, व्हय" करत राहिली. एक दिवस येऊन जाशील का विचारलं तर म्हणाली, "कशी येऊ, मॅडम? आण्णा एकटं पडत्यात. येक दिस जायला, येक यायला. मुकादम म्हनतो, पोरीला पाठवायचंच हुतं तर आनली कशाला." मग एकदम तिनं विचारलं, "ते ऑफिस कुठंशी हाय?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अवो, मंग ते हितनं दिसतंय की! पांढरी बिल्डिंग ना? आमच्या कोप्या त्याच्याच मागं हायेत, कॅनॉलच्या कडंला."

अगं बाई! जिथं तिचे गुण माळ्यावर टाकले होते, त्याच्या मागच्याच अंगाला ती ऊस तोडत होती.

दोन दिवसांनी कारखान्यात काहीतरी बिघाड झाला आणि तोड बंद राहिली. दुपारी ऑपरेटरचा फोन आला, जरा घाबरलेल्या आवाजात. "मॅडम, तुमची विद्यार्थिनी इथं आलीय. वडलांना घेऊन." मी म्हटलं, "बसव तिला." तो म्हणाला, "खुर्ची दिली, पण बसत नाही. कपडे मळलेत म्हणतेय." तोच पुढं म्हणाला, मॅडम, तुम्ही चाचणी आत्ता उघडा, मी माझ्या कॉम्प्युटरवर बसवतो तिला, अर्ध्या तासाचं तर काम. आता सांगा, अशा पोराला शिव्या तरी कशा द्यायच्या?

मी चाचणी काढली, तिचं नाव घातलं, 'प्रकाशित करा' दाबलं. हिरवी चौकट आली. आपली चाचणी यशस्वीरीत्या प्रकाशित झाली आहे. उद्या सकाळपासून उपलब्ध होईल.

उद्या! मी पुन्हा दाबलं. पुन्हा उद्या. ऑपरेटरनं त्याच्याकडून खटपट केली, कंपनीला फोन केला. रिस्टोर केलेल्या चाचणीला दुसरा दिवस लागतोच, असं ते म्हणाले, आणि तक्रार नोंदवून घेतली. फोन चालूच होता. मला ऐकू येत होतं, तो तिला समजावून सांगत होता. ती विचारत होती, "मंग मी हितंच थांबू का सकाळपतूर?" वडील तिला म्हणाले, "चल बाळा. उद्या कारखाना चालू व्हतोय." आणि मग दार लागल्याचा आवाज. मी पाथर्डीकडच्या स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून तो आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. दुसरं काय करणार होते?

ऑफिस उघडायच्या आत तोड सुरू होते, म्हणून शेवटी ठरलं, सकाळी उसाच्या फडातच मोबाईलवर द्यायची. ट्रॅक्टर भरायला येईस्तोवर तासभर मिळतो, तेवढ्यात उरकायचं. मी तिला फोनवर चारचारदा बजावलं, "हे बघ, मधे दुसरं काही उघडायचं नाही. स्क्रीन सोडली की सिस्टीमला वाटतं तू उत्तरं शोधतेस. लगेच बंद पडते." ती म्हणाली, "न्हाई सोडत." मागून वडील म्हणाले, "बाई, मी हाय हितं उभा. कुनाला जवळ येऊ देत न्हाई." त्या माणसाला वाटत होतं परीक्षेला राखण लागते, पिकाला लागते तशी.

सकाळी मी पहिल्या गाडीनं गेले. शिपायाच्या आधी पोचले, त्याच्या घरून किल्ली आणवली. सिस्टीममध्ये एक पान असतं, त्यावर चाचणी देणाऱ्याचं नाव, शेजारी एक ठिपका आणि तो कितव्या प्रश्नावर आहे तो आकडा दिसतो. थोड्या वेळानं तिच्या नावाशेजारचा ठिपका हिरवा झाला. मी म्हटलं, "आली गं बाई माझी!" रिकाम्या स्टाफरूममध्ये, मोठ्यानं.

मग नुसतं बघत बसले. आकडा बदलायचा, थांबायचा, बदलायचा. प्रश्न माझेच, मला पाठ. नद्यांचा झाला. मृदेचा झाला. माती तिला चांगली येते. वाऱ्यांचा अवघड होता, तिथं अडकली, सुटली. मग राज्यातला ऊस उत्पादक पट्टा कोणता, या प्रश्नावर फार वेळ थांबली. मला राहवेना. "अगं, कुठं उभी आहेस बघ की!" मी स्क्रीनला म्हटलं. एव्हाना स्टाफ जमायला लागला होता. एक सर हसले, "मॅडम, क्रिकेट बघताय का?" मी म्हटलं, "गप्प बसा हो जरा." आकडा बदलला. निम्म्याच्या पुढं गेली. मनात म्हटलं, काढतेय पोरगी.

आणि ठिपका लाल झाला.

शेजारी ओळ आली: परीक्षार्थीने स्क्रीन सोडली. गैरप्रकार. चाचणी समाप्त.

मी तिला फोन लावला. फोन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग वाजत राहिला, कुणी उचलेना. मी तास बुडवला, डबा उघडला नाही. प्राचार्य येऊन बघून गेले. फोन आला तो दुपारी, गाडी भरून झाल्यावर.

"मॅडम, मुकादमाचा फोन आला वो. ट्रॅक्टर आलाय सांगायला. मी बोलले पन न्हाई, नुसता बंद केला. तेवढ्यात ते लाल झालं. मी काईच न्हाई उघडलं, मॅडम, आईशप्पथ." वडील मागून बोलत होते, "बाई, मी मानसं अडिवली. फोनमधनं मानूस येईल हे कुनाला ठावं?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? घरात एकच मोबाईल, त्यावरच मुकादम, त्यावरच परीक्षा. सिस्टीम बनवणाऱ्याला वाटलं असणार, प्रत्येकाला आपापला फोन असतो आणि परीक्षेच्या वेळी कुणी कुणाला बोलावत नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. आर्काइव्ह, रिस्टोर, सगळं आता तोंडपाठ झालं होतं. तिची चाचणी आपोआप आर्काइव्हमध्ये जाऊन पडली होती. मी उघडली. तिची सगळी उत्तरं तिथं होती, एकेक, कितव्या मिनिटाला दिलं त्यासह. आणि जवळजवळ सगळी बरोबर! पण रिस्टोरचं बटणच नव्हतं. ऑपरेटरनं शोधलं. त्यालाही सापडेना. कंपनीनं या वेळी मात्र चटकन उत्तर दिलं. गैरप्रकाराची नोंद बदलता येत नाही, काढता येत नाही, परत आणता येत नाही. चौकशीसाठी ती कायम जपून ठेवली जाते. अशा विद्यार्थ्याला त्या वर्षी दुसरी संधी नाही. मी संस्थेच्या साहेबांना भेटायला जाऊन आले. त्यांनी चहा पाजला, हळहळले, म्हणाले, "सिस्टीमपुढं आपलं काय चालतं, मॅडम?" ऑपरेटर मला फाटकापर्यंत सोडायला आला. मान खाली. म्हणाला, "मी रोज उघडून बघतो, काही बदललं का." मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि एसटी धरली. महिना संपला. टर्म नामंजूर झालेल्यांच्या यादीत तिचं एकटीचं नाव होतं.

हंगाम संपला. ट्रॉल्या परत आल्या, गावात पुन्हा माणसं दिसायला लागली. एका सकाळी ती स्टाफरूमच्या दारात उभी. काळवंडली होती, हातांना चरे पडले होते. मागं वडील, नवा सदरा घालून. कॉलेजातले कागद न्यायला आले होते.

मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. एक वर्ष गेलं म्हणून काय झालं, पुढच्या वर्षी पुन्हा बस, बाहेरून बस, लग्नानंतरही शिकता येतं. अर्धं बोलले असेन, वडलांनी हात जोडले. "बाई, तुमी लई केलं. ठरलंय आता. शबुद दिलाय." ते चिडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांचे ते जोडलेले हात मला बघवेनात. मी म्हटलं, "माझ्या पाया-बिया नका पडू, मी काहीच करू शकले नाही." आणि माझं तोंड एकदम वाकडंतिकडं झालं, मी पदर लावला. दोघंही तिथंच उभी राहिली, मी आवरेस्तोवर.

कागद घेऊन झाले. वडील बाहेर गेले. ती जाईना. म्हणाली, "मॅडम, ते दाखवता का?"

"काय गं?"

"माझ्या नावापुढं काय लिवलंय ते."

दाखवू नये असं वाटत होतं. पण तिला नाही म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन आर्काइव्ह उघडलं, तिचं नाव काढलं. या वेळी चपला दाराबाहेर काढायचं तिला सुचलं नाही, तशीच आत आली. वाकून तिनं ती लाल ओळ वाचली.

"गैरप्रकार म्हंजी कॉपी ना?"

"हो."

"मी न्हाई केली, मॅडम."

"मला माहीत आहे, पोरी."

"तुमाला म्हाईत हाय." ती स्क्रीनकडंच बघत होती. आपल्या नावावर तिनं बोट ठेवलं, आणि दसऱ्याच्या आधी विचारलं होतं तेच, त्याच शब्दांत विचारलं. "हे हितंच ऱ्हातं ना, मॅडम? पुसून जात न्हाई ना?"

बाहेरून वडलांनी हाक मारली, जीप थांबली होती.

"नाही," मी म्हटलं. "हे जात नाही."